टँकरवरचा आकडा आणि रेणूचे नाव

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने निघालात की हडपसर ओलांडल्यावर मांजरीचा फाटा लागतो. तेथे रस्त्याच्या कडेला दहा मिनिटे उभे राहा आणि जाणारे-येणारे टँकर मोजा. पुढे लोणी काळभोरला तेल कंपन्यांची मोठी साठवण केंद्रे आहेत. मुंबईच्या शुद्धीकरण कारखान्यातून नळमार्गाने आलेले पेट्रोल आणि डिझेल तेथे टाक्यांत साठवतात. तेथून टँकर भरून निघतात आणि त्यांतले पुष्कळसे मांजरीवरूनच शहरात शिरतात.

आता टँकरच्या पाठीवरची चौकटीची पाटी पाहा. तीत पदार्थाचे नाव असते, धोक्याचे चिन्ह असते, संकटकाळी फोन करण्याचा क्रमांक असतो आणि एक चार आकडी संख्या असते. १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ म्हणजे डिझेल, १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा द्रवरूप गॅस, ११७० म्हणजे इथेनॉल. हे क्रमांक संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीतले आहेत. अशी पाटी लावणे आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार बंधनकारक आहे.

उद्या यांपैकी एखादा टँकर उलटला तर काय होईल? सांडलेला पदार्थ वाहत जाईल की वायू होऊन पसरेल? वायू झाला तर वर जाईल की जमिनीलगत सरपटेल? आग लागली तर तीवर पाणी मारावे की मारू नये? अग्निशामक दलाच्या माणसाला या प्रश्नांची उत्तरे चटकन हवी असतात, म्हणून त्याच्यासाठी ती आकड्यांत बांधून ठेवली आहेत. पण तुम्हाला ती उत्तरे पदार्थाच्या रासायनिक नावावरूनही काढता येतील. मात्र त्यासाठी नाव वाचता आले पाहिजे. ते कसे वाचायचे, ते या लेखात पाहू.

कार्बनचे चार हात

कार्बन आणि हायड्रोजन या दोनच मूलद्रव्यांच्या संयुगांना हायड्रोकार्बन म्हणतात. कार्बनची संयुजा चार आणि हायड्रोजनची एक. सोप्या भाषेत सांगायचे तर कार्बनच्या अणूला चार हात आहेत, हायड्रोजनला एकच आहे आणि कोणताही हात मोकळा राहता कामा नये.

एका कार्बनच्या चारही हातांत हायड्रोजन दिले की मिथेन तयार झाला. दोन कार्बनांनी एकमेकांचा एकेक हात धरला, तर प्रत्येकाचे तीन हात उरतात. तेथे सहा हायड्रोजन बसतात, हा इथेन. तीन कार्बनांची साखळी केली की मधल्याला दोन आणि टोकांच्या दोघांना तीन-तीन, असे आठ हायड्रोजन लागतात, हा प्रोपेन. आता नियम तुमच्याच लक्षात आला असेल. साखळीतल्या प्रत्येक कार्बनमागे दोन हायड्रोजन आणि दोन्ही टोकांना एकेक जादा. म्हणजे कार्बन 'न' असतील तर हायड्रोजन २न + २.

कार्बनचा अणुभार १२ आणि हायड्रोजनचा १ धरला तर अशा रेणूचा रेणुभार १२न + २न + २, म्हणजेच १४न + २ येतो. हे छोटेसे सूत्र ध्यानात ठेवा. पुढे ते आपल्याला फार उपयोगी पडणार आहे.

ज्यांच्यात कार्बन-कार्बनमध्ये केवळ एकेरी बंध असतात त्या हायड्रोकार्बनांना संपृक्त हायड्रोकार्बन किंवा अल्केन म्हणतात. त्यांच्या नावाच्या शेवटी 'एन' येते. पहिली चार नावे, मिथेन, इथेन, प्रोपेन आणि ब्युटेन, ही जुन्या व्यवहारातून आलेली आहेत, ती पाठच करावी लागतात. पाचव्यापासून मात्र नावात सरळ संख्याच येते. पेंटेन म्हणजे पाच, हेक्झेन सहा, हेप्टेन सात, ऑक्टेन आठ, नोनेन नऊ आणि डेकेन दहा. ह्या संख्या ग्रीक-लॅटिन असल्या तरी आपल्याला परक्या नाहीत. पेंट आणि पंच, हेप्ट आणि सप्त, ऑक्ट आणि अष्ट, नोन आणि नव, डेक आणि दश ही शेजारी शेजारी म्हणून पाहा. हे शब्द एकाच भाषाकुलातले भाऊबंद आहेत.

साखळी लांबली की काय होते?

पुढील तक्ता पाहा. रेणुभार १४न + २ या सूत्राने काढले आहेत. उत्कलनबिंदू नेहमीच्या वातावरणीय दाबाखालचे, अंश सेल्सिअसमध्ये आहेत.

मिथेन: कार्बन १, रेणुभार १६, उत्कलनबिंदू उणे १६२
इथेन: कार्बन २, रेणुभार ३०, उत्कलनबिंदू उणे ८९
प्रोपेन: कार्बन ३, रेणुभार ४४, उत्कलनबिंदू उणे ४२
ब्युटेन: कार्बन ४, रेणुभार ५८, उत्कलनबिंदू उणे ०.५
पेंटेन: कार्बन ५, रेणुभार ७२, उत्कलनबिंदू ३६
हेक्झेन: कार्बन ६, रेणुभार ८६, उत्कलनबिंदू ६९
हेप्टेन: कार्बन ७, रेणुभार १००, उत्कलनबिंदू ९८
ऑक्टेन: कार्बन ८, रेणुभार ११४, उत्कलनबिंदू १२६

साखळी जितकी लांब, तितका उत्कलनबिंदू वर. असे का? हायड्रोकार्बनच्या दोन शेजारी रेणूंमध्ये अगदी क्षीण आकर्षण असते. पण रेणू जितका लांब, तितका तो शेजाऱ्याला अधिक ठिकाणी चिकटतो, आणि त्याला सोडवून वायुरूपात न्यायला अधिक उष्णता लागते. म्हणून एक ते चार कार्बनांचे अल्केन आपल्या हवामानात वायू असतात आणि पेंटेनपासून पुढचे द्रव. पुष्कळ लांब साखळ्या असल्या की मेणबत्तीच्या मेणासारखा घन पदार्थ मिळतो.

खनिज तेलाच्या शुद्धीकरणाचे मर्मही हेच आहे. तेल तापवून उंच मनोऱ्यात सोडतात. लहान रेणूंची वाफ वरपर्यंत जाते, मोठे रेणू खालीच द्रव होतात. तीन-चार कार्बनांचा भाग म्हणजे स्वयंपाकाचा गॅस, साधारण पाच ते बारा कार्बनांचा भाग म्हणजे पेट्रोल, दहा ते सोळाच्या आसपास रॉकेल आणि त्याहून लांब साखळ्यांचे डिझेल. तळाशी उरते ते डांबर. म्हणजे टँकरमध्ये असतात ते हायड्रोकार्बन, आणि तो ज्या रस्त्यावरून धावतो त्याच्या डांबरातही हायड्रोकार्बनच.

आता १२०३ आणि १२०२ यांतला फरक पाहा. पेट्रोलमधल्या आखूड साखळ्यांची वाफ इतक्या सहज होते की उणे ४० अंशांच्याही खाली पेट्रोलवर पेट घेण्याइतकी वाफ जमते. डिझेलला तेवढी वाफ होण्यासाठी चांगलेच तापावे लागते. म्हणून सांडलेल्या डिझेलपेक्षा सांडलेले पेट्रोल कितीतरी अधिक धोक्याचे. दोन्ही द्रव पाण्याहून हलके आहेत आणि पाण्यात मिसळत नाहीत. जळत्या पेट्रोलवर पाण्याचा झोत मारला तर पेट्रोल पाण्यावर तरंगत आग पुढे घेऊन जाते. त्यासाठी फेस वापरावा लागतो. पेट्रोलच्या पाटीवरील संकेताची सुरुवात ३ या आकड्याने होते. त्याचा अर्थच 'फेस वापरा' असा आहे.

वर जाणारा वायू, खाली बसणारा वायू

समान तापमान आणि समान दाब असताना वायूंच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते, हा अ‍ॅव्होगाड्रोचा नियम तुम्ही शिकला आहात. त्यामुळे कोणता वायू हलका आणि कोणता जड, हे रेणुभारावरूनच ठरते. हवेचा सरासरी रेणुभार सुमारे २९ आहे. तक्त्याकडे पुन्हा पाहा. मिथेन १६, म्हणजे हवेहून बराच हलका. प्रोपेन ४४ आणि ब्युटेन ५८, म्हणजे दीडपट आणि दुप्पट जड.

पुण्यात रिक्षा आणि बस ज्यावर चालतात तो दाबाखालचा नैसर्गिक वायू, आणि काही घरांत नळाने येणारा वायू, हा मुख्यतः मिथेन असतो. तो गळला तर वर जातो, छताशी जमतो आणि वरच्या झरोक्यातून निघून जाऊ शकतो. लोखंडी सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण. तो गळला तर जमिनीवर उतरतो, दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो, मोरीत शिरतो. वरची खिडकी उघडी आहे एवढ्यावर विसंबून चालत नाही. दोन्ही वायूंना स्वतःचा वास जवळजवळ नसतो. आपल्या नाकाला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या गंधकयुक्त पदार्थाचा, इथिल मरकॅप्टनचा वास.

किती गॅस गळला तर स्फोट होऊ शकतो, याचे गणित करू. दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशा खोलीचे आकारमान सुमारे २८ घनमीटर, म्हणजे २८,००० लिटर. सिलिंडरमधल्या गॅसचे हवेतील प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास गेले की मिश्रण पेट घेऊ शकते. २८,००० लिटरचे २ टक्के म्हणजे ५६० लिटर. आपल्या तापमानाला एक मोल वायू सुमारे २४ लिटर जागा व्यापतो. म्हणजे हे सुमारे २३ मोल झाले. मिश्रणाचा सरासरी रेणुभार ५० ते ५५ धरला तर वजन येते सुमारे सव्वा किलोग्रॅम. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलोग्रॅम गॅस असतो. त्याचा दहावा भागही पुरतो! शिवाय गॅस खाली साठत असल्याने जमिनीलगत हे प्रमाण त्याहूनही आधी गाठले जाते. म्हणून वास येताच शेगडी व सिलिंडर बंद करावे, दारे-खिडक्या उघडाव्या आणि विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये.

हीच गोष्ट रस्त्यावर घडली तर? २० डिसेंबर २०२४ रोजी पहाटे जयपूरजवळ भांकरोटा येथे महामार्गावर अशा गॅसच्या टँकरला मालमोटारीची धडक बसली. गळालेला गॅस उंच उडून गेला नाही, तो रस्त्यावरच पसरला आणि मग पेटला. तिसाहून अधिक वाहने जळाली आणि अनेक माणसे प्राणास मुकली. धडकेशी काही संबंध नसलेल्या वाहनांतली माणसेही त्यांत होती. १६ कोठे आणि ५८ कोठे, हा फरक कागदावर केवळ बेरजेचा वाटतो. तेव्हा १०७५ हा आकडा असलेला टँकर उलटलेला दिसला, तर बघ्यांच्या गर्दीत सामील होऊ नका. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला, उंचवट्याकडे, दूर जा. गाडीचे इंजिन सुरू करू नका.

साखळीला फुटलेल्या फांद्या

आतापर्यंत आपण सरळ साखळ्या पाहिल्या. चार कार्बन मात्र दोन तऱ्हांनी जोडता येतात. चौघे एका रांगेत, किंवा तिघे रांगेत आणि चौथा मधल्याच्या डोक्यावर. दोन्हींत कार्बन ४ आणि हायड्रोजन १०, पण पदार्थ दोन! एकच रेणुसूत्र आणि भिन्न रचना असलेल्या अशा पदार्थांना समघटक म्हणतात. ब्युटेनचे समघटक २, पेंटेनचे ३, हेक्झेनचे ५, हेप्टेनचे ९, ऑक्टेनचे १८ आणि डेकेनचे तब्बल ७५ आहेत.

इतक्यांना नावे द्यायची कशी? प्रत्येकाने मनाला येईल ते नाव द्यायचे, तर गोंधळ ठरलेला. म्हणून १८९२ मध्ये जिनिव्हा येथे रसायनशास्त्रज्ञांनी एकत्र येऊन नियम ठरवले. आजची आंतरराष्ट्रीय पद्धत त्यांतूनच विकसित झाली. तिचे तीन मुख्य नियम असे:

पहिला, सर्वांत लांब अखंड साखळी शोधा. तिच्यातील कार्बनांवरून मूळ नाव ठरते.

दुसरा, फांदी ज्या टोकाला जवळ असेल त्या टोकाकडून साखळीतल्या कार्बनांना क्रमांक द्या.

तिसरा, फांदीचे नाव आणि तिच्या जागेचा क्रमांक मूळ नावाच्या आधी लिहा. एका कार्बनच्या फांदीला मिथिल आणि दोन कार्बनांच्या फांदीला इथिल म्हणतात. सारख्याच दोन फांद्या असतील तर डाय, तीन असतील तर ट्राय लावा.

एक उदाहरण घेऊ. पाच कार्बनांची रांग आहे. डावीकडून दुसऱ्या कार्बनवर दोन मिथिल आहेत आणि चौथ्यावर एक. डावीकडून मोजले तर फांद्यांचे क्रमांक २, २, ४ येतात, उजवीकडून मोजले तर २, ४, ४. पहिला फरक जेथे पडतो तेथे लहान आकडा देणारी पद्धत घ्यायची, म्हणून नाव झाले २,२,४-ट्रायमिथिलपेंटेन. यात एकंदर ५ + ३ = ८ कार्बन आहेत. म्हणजे हा ऑक्टेनचाच एक समघटक. व्यवहारात त्याला आयसोऑक्टेन म्हणतात.

पेट्रोलपंपावर जो 'ऑक्टेन'चा आकडा असतो, तो याच गृहस्थाचा. इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा दाबली जाते. ठिणगी पडून ज्योत पसरत असताना उरलेले मिश्रण तिची वाट न पाहता आपोआप पेटले, तर इंजिन ठोके देते. सरळ साखळीचा हेप्टेन फार लवकर ठोके देतो, त्याला ० गुण. फांद्यांनी भरलेला आयसोऑक्टेन चिवट असतो, त्याला १००. ९१ ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे ठोक्यांच्या बाबतीत ९१ भाग आयसोऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखे वागणारे पेट्रोल. पेट्रोलमध्ये खरोखर तेवढा आयसोऑक्टेन असतो असे मात्र नाही. सरळ साखळीच्या ऑक्टेनला तर शून्याहूनही कमी गुण मिळतात! कार्बन तेच आठ, फक्त जोडणी निराळी.

फांद्यांचा परिणाम उत्कलनबिंदूवरही होतो. पेंटेन ३६ अंशांना उकळतो, २-मिथिलब्युटेन २८ अंशांना आणि २,२-डायमिथिलप्रोपेन साडेनऊ अंशांनाच. मांजरीच्या उपबाजारात भाजी येते ती डोळ्यांसमोर आणा. शेवग्याच्या शेंगांची जुडी बांधली की शेंगा लांबीभर एकमेकींना चिकटतात. टोमॅटोंचा ढीग केला तर दोन टोमॅटो जेमतेम एका ठिकाणी टेकतात. सरळ रेणू शेंगांसारखे आणि फांद्यांचा गोलसर रेणू टोमॅटोसारखा. स्पर्श कमी, म्हणून आकर्षण कमी, म्हणून उकळणे लवकर.

शेवटची अक्षरे बदलली की

दोन कार्बनांनी एकमेकांचे दोन-दोन हात धरले तर दुहेरी बंध होतो आणि नावाच्या शेवटी 'एन'ऐवजी 'ईन' येते. तीन-तीन हात धरले तर तिहेरी बंध आणि शेवटी 'आइन'. या वर्गांना अनुक्रमे अल्कीन आणि अल्काइन म्हणतात आणि ते असंपृक्त असतात. दोन कार्बनांचे तीन पदार्थ असे: इथेन (हायड्रोजन ६), इथीन (हायड्रोजन ४) आणि इथाइन (हायड्रोजन २).

इथीनचे जुने नाव इथिलीन. पिकणारा आंबा आणि केळे हा वायू स्वतःच तयार करतात आणि त्यानेच पिकतात. गवतात घातलेली अढी म्हणजे हा वायू कोंडून ठेवण्याची युक्ती. इथाइनचे जुने नाव अ‍ॅसिटिलीन. जोडकाम करणारे त्याची ज्योत वापरतात. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडले की तो तयार होतो. त्यानेही फळ पिवळे पडते, म्हणून काही व्यापारी कार्बाइडच्या पुड्या आंब्यात ठेवत. पण बाजारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसची अपद्रव्ये असतात. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत अशा रीतीने फळे पिकवण्यास बंदी आहे. इथीन वायू मात्र दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत वापरण्यास २०१६ मध्ये मान्यता मिळाली. 'ईन' चालते, पण 'आइन' देणारे कार्बाइड चालत नाही!

आता ११७० हा आकडा राहिला. मांजरीतच वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. १९७५ मध्ये डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ती स्थापन झाली आणि १९८९ मध्ये तिला वसंतदादा पाटील यांचे नाव मिळाले. ऊस आणि साखरेबरोबरच मळीपासून अल्कोहोल कसे करावे, याचेही संशोधन व शिक्षण तेथे चालते. हे अल्कोहोल म्हणजे इथेनॉल. नाव फोडून पाहा. 'इथेन' म्हणजे दोन कार्बन आणि एकेरी बंध, 'ऑल' म्हणजे एका हायड्रोजनच्या जागी ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. ऑक्सिजन आल्यामुळे हा हायड्रोकार्बन राहिला नाही.

त्या दोन अक्षरांनी केवढा फरक पडला! प्रोपेनचा रेणुभार ४४, इथेनॉलचा ४६, म्हणजे जवळजवळ सारखाच. पण प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो आणि इथेनॉल अधिक ७८ अंशांना. 'ऑल' या गटामुळे रेणू एकमेकांना घट्ट धरतात. ते पाण्याच्या रेणूंनाही तसेच धरतात, म्हणून इथेनॉल पाण्यात पूर्ण मिसळते. आगीच्या वेळी नेहमीचा फेस त्यावर विरून जातो, त्यासाठी वेगळा फेस किंवा पाण्याचा बारीक फवारा लागतो. २०२५ पर्यंत आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांपर्यंत आले. दहा टक्क्यांहून अधिक इथेनॉल असलेल्या पेट्रोलला संयुक्त राष्ट्रांच्या यादीत ३४७५ हा निराळा क्रमांक आहे, तो काही उगाच नव्हे. मिश्रण बदलले की वागणूक बदलते, आणि ते सांगायला नावही बदलावे लागते.

मित्रहो, रसायनशास्त्रातली नावे म्हणजे घोकंपट्टीची शिक्षा असे पुष्कळांना वाटते. पण व्यवस्थित दिलेले नाव रेणूचा नकाशाच असतो. त्यावरून कार्बन किती, जोडणी कशी, बंध कोणता हे कळते. त्यावरून वजन, उकळणे, पाण्याशी नाते आणि आगीचा धोका ताडता येतो. पुढच्या वेळी मांजरीच्या फाट्यावर टँकर दिसला की पाटी वाचा, आणि आत काय आहे ते मनाशी जुळवून पाहा.

करून पाहा

रात्रभर भिजवलेले हरभरे आणि खराट्याच्या काड्यांचे बोटभर तुकडे घ्या. हरभरा म्हणजे कार्बन, काडी म्हणजे बंध. सहा हरभरे जितक्या वेगवेगळ्या तऱ्हांनी जोडता येतील तितके जोडा. वळवून-फिरवून एकसारखे होणारे नमुने एकच धरा. पेट्रोल, गॅस किंवा स्पिरिट घेऊन कोणताही प्रयोग घरी करू नका.

स्वाध्याय

१. डेकेनमध्ये हायड्रोजन किती? त्याचा रेणुभार काढा.
२. हेक्झेनच्या पाचही समघटकांची नावे लिहा.
३. एका विद्यार्थ्याने एका रेणूला २-इथिलप्रोपेन असे नाव दिले. त्याची चूक दाखवा.
४. इथाइन गळला तर तो वर जाईल की खाली बसेल?

उत्तरे: १. हायड्रोजन २२, रेणुभार १४२. २. हेक्झेन, २-मिथिलपेंटेन, ३-मिथिलपेंटेन, २,२-डायमिथिलब्युटेन, २,३-डायमिथिलब्युटेन. ३. सर्वांत लांब साखळी चार कार्बनांची आहे, खरे नाव २-मिथिलब्युटेन. ४. रेणुभार २६, हवेहून किंचित हलका, म्हणून हळूहळू वर जाईल.